मेतरबाईंच्या विम्यावर मागितलेला कर

नाव कॉन्स्टान्सियो फर्नांडिस, वय ६८ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार दांडी, मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी अ‍ॅनी हिच्यासह राहतो. शेजारी श्रीमती रसिका प्रीतम मेतर, वय ४६, या एकट्या राहतात. त्यांचे पती गेल्या दिवाळीआधी होडी उलटून मयत झाले. त्यांच्या आयुर्विम्याचे आठ लाख रुपये बाईंना मागच्या महिन्यात मिळाले. त्यातून नवी होडी घ्यायची आहे. धंदा त्यावरच उभा राहणार आहे.

काल मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक अनोळखी इसम रस्त्यात भेटला. आयकर खात्यातून आलो म्हणाला. मी शहानिशा न करता त्यास घरी नेऊन चहा दिला. बोलण्याच्या ओघात मेतरबाईंच्या विम्याचा विषय मीच काढला. हे लिहून घ्यावे. माझ्या जिभेला हाड नाही हे पत्नी चाळीस वर्षे सांगत आहे.

नंतर मीच त्यास बाईंच्या पडवीत नेले. विम्यावर दहा टक्के कर, म्हणजे ऐंशी हजार, तासाभरात भरा, नाहीतर खाते गोठवतो, असे त्याने दरडावले. मीसुद्धा "भरून टाक गो, सरकारचा काम आसा," असे बोललो. बाई कोलंबी सोलत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारले, "साहेब, माझ्या माडांच्या नारळांवर कर किती?"

"शेतीचं उत्पन्न. माफ."

"पर्यटकांना देते त्या दोन खोल्यांच्या भाड्यावर?"

"लागतो."

"आणि मासळीच्या धंद्यावर?"

"ती समुद्राची शेतीच. माफ."

मी मान डोलावली. किनाऱ्यावर आम्ही बरेच जण असेच समजत आलो आहोत. बाईंनी मात्र हात धुतले. इथवर त्या शुद्ध बोलत होत्या.

"मासळी शेती नाय, धंदो. मी दरवर्षी रिटर्न भरतंय, मासळी आणि खोलये धरून. विम्याच्या पैशांचा बँकेत व्याज येतला, ता पण दाखवतलंय. पण घोव मेल्यार इलेल्या विम्याक टॅक्स नाय. तुमी खंयच्या ऑफिसातसून इलास?"

इसम चपला शोधू लागला. बाई म्हणाल्या, "मास्तर, गेट लावा." मी लावले आणि कडी धरून उभा राहिलो. त्यांनी ठाण्यात फोन केला.

रसिका चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. आकडेमोड मी शिकवली असेन, पण एवढी अक्कल आणि एवढी छाती माझ्याकडे कधीच नव्हती. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली.

पोलीस येईपर्यंत इसम गयावया करत होता. शेवटी म्हणाला, "ताई, वीस हजारात मिटवू." तेव्हा पहिल्यांदा बाईंचा आवाज कापला.

"ह्या पैशांचो टॅक्स माझ्या घोवान दर्यात भरल्यान. आता एक रुपयो मिळाचो नाय."

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे. बाईंचे कौतुक जबाबात लागत नाही, असे हवालदारांनी सुचवले. ते वगळल्यास मी सही करणार नाही.