त्या भिंतीला टाचे मारायचे नव्हते

माझं नाव चंद्रभागा, पन चंद्राबाई म्हनूनच समदे वळखतात. माहेर चांदवडच्या अंगाला, डोंगराखाली, आन् आमी गवंड्याची मानसं. आमच्या बाची चुन्याची घानी व्हती. घानी म्हंजे काय सांगू तुम्हाला ताई, जिमिनीत गोल चर खनायचा, त्याला दगडं बसवायची, त्या चरात मोठं दगडी चाक, आन् ते चाक रेडा फिरवायचा, रेड्याच्या मागं मी. मला भाऊ नव्हता, म्हनून रेडा माज्याकडं. शाळेत दुसरीपोत्तर गेले, पुढं घानी हीच शाळा.

चुना कळायला लय दिवस लागतात. भट्टीतून आला की पान्यात विझवायचा, तो असा उकळतो की जवळ थांबवत नाय, मंग खड्ड्यात मुरवायचा, म्हैनंच्या म्हैनं, वर पानी ठेवायचं. मंग वाळू, गूळ, हिरड्याचं पानी, बेलफळाचा चीक, आन् मळायचा, मळायचा, हात लोण्यात घातल्यासारखा लागंस्तवर मळायचा. बा म्हनायचा, पोरी, चुना म्हंजे दगूडच हाय, आपन त्याला जाळतो, पान्यात विरवतो, आन् भितीवर लावला की तो हवा खाऊन परत दगूड व्हतो. आन् तो ओला हाय तवर त्याच्यावर रंग दिला ना, तर रंगबी दगडात जातो, मंग पाऊस येवो, पिढ्या जावो, तो रंग जात नाय. हे त्यानं त्याच्या बाकडून आयकलेलं. जुन्या काळी देवळात चितारी यायचे, ते वरून परांचीवरून वरडायचे, दुपारपोत्तर रंगवून व्हईल तेवढाच गिलावा लाव, जास्ती नको. म्हंजे गवंडी पुढं, चितारी मागं. गवंडी चुकला तर चितार्‍याची कला गेली मातीत. बा हे सांगताना ताठ बसायचा.

मंग सिमीट आलं. सिमीट पोत्यात येतं, पानी टाकलं की झालं, म्हैनाभर कोन थांबतो. घानी बंद पडली, रेडा इकला, आन् माजं लगीन झालं इकडं, पिंपळगावच्या अलीकडं कादवा नदीच्या काठी. मालक टेम्पोवर, द्राक्षाच्या पेट्या वाहायचे. मी बिगारी. घमेली उचलायची, माल कालवायचा. हातात कला व्हती पन इचारतं कोन, मीबी कोनाला सांगितलं नाय.

आता खरी गोष्ट सांगते. नव्वदीच्या सुरवातीचं साल असंल. द्राक्षाला भाव आला, गावात बंगले झाले, आन् बंगले झाल्यावर लोकांना देऊळ जुनाट दिसाया लागलं. आमच्या महादेवाच्या देवळाचे अध्यक्ष अण्णा, मोठे बागाईतदार, मानूस वाईट नाय, पन बोलले म्हंजे झालं असं. त्यांनी ठरवलं सभामंडपाला आतून फरशी लावायची, पांढरी, निळ्या फुलाची, न्हानीघराला लावतात तसली. कामावर मी. मिस्तरीनं छन्नी हातोडी दिली आन् म्हनला, या भितीला टाचे मार. टाचे म्हंजे खड्डे पाडायचे, म्हंजे सिमीट धरतं.

पहिला टाचा मारला. चुन्याची पापडी पडली, जाड, दर वर्साला शिवरात्रीला चुन्याचा हात देत देत बसलेली. आन् खाली पाऊल दिसलं. बाईचं पाऊल, पैंजनासकट. मी पदरानं झटकलं, वरची पापडी नखानं काढली तं हिरवा काठ दिसला, मंग लाल लुगडं, पार वर बाईचं तोंड. माज्या हातातली छन्नी थांबली. मला रंगाचं नवल नाय वाटलं ताई, मला गिलाव्याचं वाटलं. आरशावानी गुळगुळीत, बोट लावलं तं गार. म्हनले, हा घानीचा चुना हाय. ह्ये कोन्या गवंड्यानं जीव लावून मळलंय.

मी मिस्तरीला म्हनले मी टाचे मारनार नाय. तो म्हनला नको मारू, दुसरी मारंल. मंग मी भितीला पाठ लावून खाली बसले. म्हनले मारा, माज्यावरून मारा. त्यानं अण्णांना बोलावलं. अण्णा आले, त्यांच्या मागं निम्मं गाव. अण्णा म्हनले, बाई, तू बिगारी हाईस, तुला चित्रातलं काय कळतं. मी म्हनले चित्रातलं कायबी कळत नाय, चुन्यातलं कळतं, आन् या गावात तेवढं कोनाला कळत नाय. तवर अण्णांपुढं डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता, त्या दिवशी पदराची सुदच नव्हती. कोनीतरी मागून म्हनलं, जुना रंग हाय, हात लावला की जाईल, कशाला ठेवायचा. मी म्हनले, जातो का बघा. कापड वलं केलं आन् समद्यांसमोर ते लाल लुगडं घासलं. घासघास घासलं. कापड पांढरं ते पांढरंच. मानसं वाकून बघाया लागली. मंग मला चेव आला, मी हात वर नेला, पापडी काढलेल्या तोंडावरून कापड फिरवलं, हे बघा म्हनले, हे बघा.

आन् कापडाला रंग लागला.

पिवळा आन् काळा. तिच्या नाकात नथ व्हती, ती गेली. एका फिरवण्यात गेली. मला एकटीला दिसलं, बाकीचे लुगडं बघत व्हते. मी कापड मुठीत घेतलं, मूठ पदराखाली घेतली आन् बोलत राहिले. माजा आवाज काय बदलला नाय. आतून काय झालं ते माजं मला माहीत.

अण्णा म्हनले, ठीक हाय, जानकाराला इचारू, तवर ही एक भित राहू द्या, बाकीच्या तिन्हीला लावा. त्या तिन्ही भिती गेल्या ताई. त्याच्याखाली काय व्हतं ते आता देवालाच ठावं. मला कामावरून काढलं, आन् मालकांना अण्णांच्या बागेची पेटी मिळायची बंद झाली. मालक घरी आले, म्हनले गावात समदे सोडून तुलाच उठायचं व्हतं का. मी भाकर वाढली. पन रोज सकाळी भाकरी टाकल्या की देवळात जाऊन त्या भितीला पाठ लावून बसायचे, तांदूळ निवडायला तिथं, भाजी निवडायला तिथं. मला वाटायचं, मी उठले की लावतील. बाया हासायच्या, मंग एकदोघी माज्याजवळ निवडायला बसाया लागल्या. पंधरा-वीस दिवसांनी मालक फोटोवाल्याला घेऊन आले. त्यांनीच फोटो काढवला, त्यांनीच तो नाशकाला जुन्या वास्तूंच्या सरकारी हापिसात नेला, एकदा नाय, चार खेपा. मला म्हनले, तू उठनार नाय तं मलाच हिंडावं लागंल ना.

मंग त्या हापिसातून मॅडम आल्या. पोरगीच व्हती, सलवार घातलेली, पिशवीत कापूस, बारीक कुंचले आन् डॉक्टरची असती तसली सुरी. त्या सुरीनं एवढी एवढी पापडी काढायच्या, दिवसाला हातभर बी नाय. पापडी गेली तसा घोडा निघाला, नदीला घाट निघाला, घाटावर धुनं धुनार्‍या बाया निघाल्या, एक तं पोराला पाजतीय. मी म्हनले ही तं आपलीच कादवा. जिथं गिलावा सुटला व्हता तिथं भरायला चुना पायजे व्हता, सिमीट चालत नाय म्हनल्या, सिमीटाचा खार चित्राला खातो. नाशकात कोनाकडं मुरवलेला चुना नव्हता. मी म्हनले मी देते. चांदवडला गेले, बाच्या घानीचं चाक उकिरड्याच्या कडंला पडलेलं, ते मालकांच्या टेम्पोत घालून आनलं, भट्टीचा चुना विझवून चार म्हैनं मुरवला, मंग मळला.

मॅडमनी माजा चुना हातात घेतला, दोन बोटांत फिरवला आन् म्हनल्या, चंद्राताई, हे कुठं शिकलात. मला कोनी ताई म्हनायचं नाय. पन त्याच दिवशी काम करत करत मॅडम त्या लाल लुगड्याच्या बाईच्या तोंडापोत्तर पोचल्या आन् म्हनल्या, इथं कोनीतरी वल्या कापडानं पुसलंय. मी खोटं बोलू शकले असते. म्हनले, मी. मंग त्यांनी समजावलं, खालचा रंग ओल्या चुन्यातला, तो दगडात गेला, पन दागिने, डोळ्याची बुबुळं, असलं बारीक काम चितारी गिलावा वाळल्यावर डिंकात कालवून करायचे, ते पान्यानं जातं. बानं मला अर्धंच सांगितलं व्हतं, नायतर त्यालाच अर्धं माहीत असंल. मी म्हनले, घासलं नसतं तं भित राहिली नसती. मॅडम म्हनल्या, खरं हाय. पन नथ गेली हेबी खरं हाय. त्यांनी मला सोडलं नाय, आन् ते मला आवडलं.

मॅडमनी मला अजिंठ्याला नेलं. मी म्हनले तिथं मोठा घानीचा चुना असंल, तं नाय, तिथं माती, भाताचा तूस, गवत, त्याच्यावर पातळ लेप, आन् वाळल्यावर रंग. एवढी वर्सं टिकलं. मॅडमनी सांगितलं राजस्थानात ओल्या चुन्यावर रंगवून अकीकाच्या दगडानं घोटतात, तिकडं साता समुद्रापार इटलीतबी ओल्या चुन्यावरच रंगवायचे, त्याला फ्रेस्को म्हनतात, तिथं चितार्‍यांची नावं पोरांच्या पुस्तकात असतात. मी इचारलं, आन् चुना मळनार्‍याचं. मॅडम हासल्या, म्हनल्या ते कुठंच नाय. म्हंजे तिकडंबी बिगारीच.

मंग सिंहस्थाचं साल आलं, नाशकात गर्दी, रस्त्यावरची देवळं समदी रंगवायला काढली. बाहेरगावचे लोक भित बघाया यायला लागले, तं अण्णांना तिचा लय अभिमान झाला. त्यांनी एक पेंटर आनला आन् म्हनले, देवाच्या दारात सवाशिनीचं नाक मोकळं बरं दिसत नाय, सोनेरी नथ काढून घेऊ. समद्यांना पटलं. मलाबी पटलं, खरं सांगते, माज्याइतकी ती नथ कोनाला पायजे व्हती. पन मॅडमनी बजावलं व्हतं, जे गेलं ते गेलं, आपल्या हातची भर घालायची नाय, नायतर खरं कोनतं आन् आपलं कोनतं हे कोनालाच कळनार नाय. मॅडमची तवर बदली झालेली. मी उठले आन् पेंटरच्या हातातला डबा घेतला. अण्णा म्हनले, चंद्राबाई, आता काय नवीन काढलं. मी म्हनले, नथ काढायची नाय. ती मी पुसलीय.

देवळात बाया व्हत्या, पुजारी, पोरं, मालक. समद्यांसमोर सांगितलं, त्या दिवशी कापड फिरवलं तवा गेली, मी मुठीत झाकली, आन् दहा-अकरा वर्सं झाकून ठेवली. अण्णा माज्याकडं वळले. म्हनले, तवाच का नाय बोलली. मी म्हनले, तवा बोलले असते तं तुमी तेवढंच धरून फरशी लावली असती. मंग अण्णांनी पेंटरला सांगितलं, तू बाहेरची कमान रंगव. जाताना मला म्हनले, तिन्ही भितीखाली बी असंल का गं काय. मी म्हनले, असंल. ते पायरीवर बसले थोडा वेळ. माफी बिफी मागितली नाय, मीबी मागितली नाय.

आता अण्णा नाय, मालकबी मागल्या साली गेले. माजे गुडघे गेले, परांचीवर चढवत नाय. पन चुना मळते. गावातल्या चार बाया शिकल्या हाईत, माज्याहून चांगल्या मळतात त्यातली एक. आमाला बोलावनं येतं, कवा सटान्याकडून, कवा येवल्याकडून. दारात पाय ठेवला की हापिसातले साहेब इचारतात, कारागीर कुठं हाईत. आमी म्हनतो, समोर हाईत, बघा.

परवा नांदगावकडून फोन आला. मारुतीचं देऊळ, आत चित्रं, आन् कमिटीनं ऑईलपेंट आनून ठेवलाय. फोन करनारी त्या गावचीच सून हाय, नुकतं लगीन झालेली, रडत व्हती. मी तिला म्हनले, रडू नको, भितीला पाठ लावून बस, कोनी कायबी बोललं तरी उठू नको, मी येते. सोमवारी चाललेय. देव तुमचं बरं करो ताई, एवढं आयकून घेतलंत. यायचं असंल तं सकाळी आठला फाट्यावर थांबा. जीप लय वेळ थांबत नाय.