चंद्रीच्या कानातला बिल्ला

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?

…कोण हर्षाली? अणदूरची?… हां, हां, पाचवीतली! गोठ्याच्या दारावर खडूनं माझा नंबर लिहून घेतला होतास, तीच ना?… व्हय, महांतप्पा गुरुजीच बोलतोय. हळू बोलतो जरा. आमच्या सेवा क्लबची मीटिंग चाललीय इथं उमरग्यात, दर रविवारची… न्हाय न्हाय, ठेवू नको. व्हरांड्यात येतो. आत विम्यावर भाषण चाललंय. निम्मे सभासद डुलक्या घेतायत, मी उठलेलं कुणाला कळायचंसुद्धा न्हाय.

हां. बोल आता.

…अगं, रडत बोललीस तर मला कसं कळेल? आधी पाणी पी… प्यालीस?… आता एकेक सांग.

…कोण गेली?… चंद्री? कपाळावर चांद होता ती?… कधी?… पहाटे. पोट फुगून… अरेरे. लई गरीब गाय होती गं. आमच्या क्लबच्या जनावरांच्या शिबिराच्या दिवशी माझ्या सदऱ्याची बाही चाटून ओली केली होती तिनं… आणि वासरू?… पितंय ना बाटलीनं? बरं.

घरी कोण कोण आहे?… पप्पा ट्रक घेऊन हैदराबादला. फोन लागत न्हाय. आई?… माहेरी. म्हणजे आजी आणि तू. कडूबाई आहेत ना?… आणि बलभीम तात्या, शेजारचे. काय करतायत ते?… खड्डा? जेसीबी आलासुद्धा?… हां, तासावर असतो व्हय. म्हणून घाई.

हर्षाली, ऐक ना. जा, आणि बघून सांग. चंद्रीच्या कानात पिवळा बिल्ला आहे?… आहे. छान… व्हय, तोच. आपण ज्याच्यावरनं मोठ्या संख्या शिकलो होतो तो. बारा आकडे. सगळ्या पोरांत तूच एका दमात वाचले होतेस.

आता नीट ऐक. तो बिल्ला कानातच राहू दे. जनावरांचे डॉक्टर येतील, गाय तपासतील, बिल्ल्यासकट फोटो काढतील. मगच मातीत घालायचं. शिबिरात तिचा विमा उतरवला होता ना आपण? तो मिळाला तर दावणीला दुसरी गाय येईल. आणि बिल्ला न्हाय तर विमा न्हाय, असा नियमच आहे त्यांचा.

…काय? आजीच्या हातात काय आहे?… मेंढ्यांची कात्री? लोकर कापायची?… कशाला पण?

…हां… हां. वेसण काढली. दावं सोडलं. घंटीपण काढली… व्हय बाळ, माहीत आहे मला. जाणाऱ्या जनावराला बांधलेलं मातीत घालायचं न्हाय, मोकळं जाऊ द्यायचं. आमच्याकडं पण तसंच करतात. पण बिल्ला म्हणजे काय दावं न्हाय गं… आजीला फोन दे. पळ, पळ!

कडूबाई? नमस्कार… व्हय, गुरुजी… लई वाईट झालं… व्हय, तुमच्याच हातावर जन्मली होती ती, सांगितलं होतं तुम्ही… न्हाय हो, तुमचं चुकतंय असं कुठं म्हणतोय मी? वेसण काढलीत, बरं केलंत. फक्त तो बिल्ला दोन तास राहू द्या, डॉक्टर येऊन जाईपर्यंत… कसं?… सरकारी दावं?… अहो, दावं न्हाय ते, खूण आहे. शाळेच्या दाखल्यासारखी… ऐका तरी… कडूबाई?… हॅलो?… तो कसला आवाज झाला?

…हर्षाली, तू आहेस का?… काय झालं?

…कापला.

…बरं. बरं, ओरडू नको आजीवर. कापला तर कापला. कुठं आहे बिल्ला?… देवापुढं ठेवला? कुंकू लावून?… राहू दे तिथंच. फोन चालू ठेव, मी आत जाऊन विचारून येतो. भाषणाला आलेले साहेब विमा कंपनीचेच आहेत.

…शंभुलिंग साहेब, एक मिनिट. माफ करा, मध्येच थांबवतोय… प्रश्न असा की समजा, एखाद्याची गाय मेली आणि मेल्यावर कुणी बिल्ला काढला, तर?… अजिबात न्हाय?… हां, सुटा बिल्ला चालला तर कुणीही विमा नसलेली मेलेली गाय विम्याची म्हणून दाखवेल. पटतंय… न्हाय न्हाय, सहज विचारलं. चालू द्या तुमचं.

हर्षाली?… व्हय, आलो बाहेर. अवघड आहे म्हणतात… अगं, परत रडायचं न्हाय… काय म्हणतायत तात्या?… तारेनं? कानात परत बसवायचा? फोटोपुरता?

…

…थांब, दार ओढून घेतो, आत ऐकू जाईल.

…व्हय, मी गाव सांगितलेलं न्हाय साहेबांना. नावही न्हाय सांगितलं… व्हय, कळणार न्हाय कुणाला, तात्या बरोबर म्हणतात… माझं काय विचारतेस बाळ, मला नको वाटतं. पण दावणीची गाय तुमची गेलीय, माझी न्हाय. आजी काय म्हणतायत? विचार.

…काय?… परत सांग.

…एकदा मोकळं केलेल्याला परत बांधायचं न्हाय. दुसरी गाय न्हाय आली तरी चालेल… असं म्हणाल्या?… आणि तार कुठंय?… फेकून दिली तात्यांच्या अंगावर!

मग झालंच की. वही घे. शिबिरातलीच घे, मागचं पान काढ. आता मी सांगतो तसं न्हाय, घडलं तसं लिही. गाय कधी मेली, कशानं मेली… शिंगं कशी होती?… डावं खाली वाकलेलं, लिही. कपाळावर चांद, शेपटीचा गोंडा काळा. पुढं लिही, बिल्ला आमच्या आजीनं कापला… लिहायचं. का कापला, तेही लिही… तिच्या शब्दांत… 'मोकळं जावं म्हणून.' हां. कानाचं भोक तसंच आहे ना?… कापलेलं ताजं दिसतंय? मग कुणी हात लावू नका. आणि माझ्याकडं शिबिरातला फोटो आहे. तू चंद्रीचा कान धरून आकडे वाचतेयस, तोंडाचा असा मोठा चंबू करून… व्हय, जपून ठेवलाय.

आता मी गाव सांगतो साहेबांना. सांगू ना?… आजीला विचार… सांगा म्हणतात. बरं. फोन मोठ्या आवाजावर ठेवतो, तू वाचून दाखव.

…साहेब, परत एकदा माफ करा. मघाशी 'समजा' म्हणालो ना, ती गाय खरी आहे. अणदूरची. जरा ऐका. वाच गं हर्षाली. सावकाश, घाई न्हाय… खिडकी लावा हो कुणीतरी, रस्त्याचा आवाज येतोय.

…

…झालं? छान वाचलंस.

…काय म्हणता, साहेब?… हां… हां… हर्षाली, ऐकू आलं का तुला?… पैसे मिळतीलच, असं ते सांगत न्हायत. वरचे लोक ठरवतात. पण ते स्वतः येतायत. सोलापूरला जाताना अणदूर वाटेवरच लागतं. डॉक्टरांनाही इथूनच फोन लावतायत… कान बघतील, फोटो जुळवतील, तुझं पान विम्याच्या कागदांना जोडतील, आणि स्वतःचं मतही लिहितील… काय मत, ते गाय बघितल्यावर. निघालेसुद्धा बघ. अहो साहेब, शाल-नारळ राहिला तुमचा!… गेले. आमच्या अध्यक्षांच्या हातात नारळ तसाच. सगळे जागे झालेत मात्र.

तात्यांना सांग, जेसीबी परत पाठवा. खड्डा खणून झालाय ना?… मग माती खोऱ्यानं ओढता येईल. गाईला सावली करा. आणि साहेब आले की बिल्ला तू हातात द्यायचा. कुंकू पुसू नको.

…अजून काय विचारतायत आजी?… दुसरी गाय आली तर तिलाही बिल्ला मारणार का?… मारावाच लागेल, सांग.

…काय म्हणाल्या?… तिलाही जाताना मोकळंच करणार.

…करू दे की. पण आधी फोन, मग कात्री. हे लिही वहीत. सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात… लिहिलंस?… वाच.

…हं. बरोबर. जा आता, चंद्रीजवळ बस. ठेवतो.