गार भांडं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, मेट्रनबाई, माझ्या सहकारी भगिनींनो, आणि आमच्या वॉर्डातून बरी होऊन मोठी झालेली, आज आवर्जून आलेली मुलं व त्यांचे आईवडील,

मेट्रनबाईंनी मघाशी इतकं कौतुक केलं की, ही बाई कोण, हिला एकदा भेटायला हवं, असं मला वाटून गेलं. मुलांच्या कॅन्सर वॉर्डात एकतीस वर्षं काढली, आज निवृत्त होते आहे. पाठीमागे मला ‘मोजणी खातं’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणणाऱ्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. चहा त्यांनाही मिळेल.

नव्या मुलींसाठी या मोजणीचं कारण सांगते. काही औषधं गाठ विरघळवतात आणि जाता जाता मूत्रपिंडांना चटका देऊन जातात. म्हणून सलाइन लावायचं आणि मुलाची प्रत्येक लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिहायची. कमी भरली, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. पुरेशी भरली, तरच सलाइन निघतं आणि घरी जायला मिळतं.

मेट्रनबाई म्हणाल्या, ‘यांच्या कागदावरचा आकडा कधी चुकला नाही.’ अध्यक्ष महोदय, तो एकदा चुकला. समारंभाचा थोडा विरस होईल, पण घरी एकटी राहणारी बाई हे सांगणार तरी कोणाला?

तेरा वर्षांपूर्वी वॉर्डात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या घरी मांजरीला पिल्लं झाली होती आणि त्यांचे डोळे उघडायच्या आत तिला घर गाठायचं होतं. दुपारी दोनला, माझी ड्यूटी संपता संपता, ती सलाइनचा स्टँड ढकलत स्वतःच भांडं घेऊन आली. “सिस्टर, बघा, तीनशे झाली.” सकाळपासून जेमतेम शंभर मिली झाली होती. ताजी लघवी कोमट असते, हातमोज्यातूनही कळतं. ते भांडं गार होतं. पोरीनं नळाचं पाणी ओतलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. पाय दुखत होते. आता डॉक्टरांना शोधा, आईची समजूत घाला, पोरीचं रडणं ऐका, सगळं नको झालं होतं. मी तीनशे लिहिलं. सलाइन निघालं आणि ती घरी गेली.

तिची गाठ गेली ती कायमची. मूत्रपिंडं मात्र आज एक तृतीयांशच चालतात. गोळ्या, अळणी जेवण, दर महिन्याला रक्ततपासणी, पुढे कदाचित डायलिसिस. मोठ्या डॉक्टरांना मी आडून आडून विचारलं होतं. ते म्हणाले, “एका दिवसानं होतंच असं नाही, सिस्टर. होत नाही असंही नाही.” ते उत्तर घेऊन मी इतकी वर्षं एकटीच घरी जाते.

काही महिन्यांपूर्वी तपासणीला आली, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. आता बावीस वर्षांची आहे. म्हणाली, “सिस्टर, त्या दिवशी मी भांड्यात पाणी ओतलं होतं. अजून कोणाला सांगितलं नाही. माझं मीच करून घेतलं.” आणि मी काय केलं? पाठीवरून हात फिरवला, ‘असू दे गं’ म्हणाले आणि गप्प बसले. मला माझी लाज वाटली. त्यानंतर दोनदा तिला गाठलं, आणि दोन्ही वेळा नुसतं वजन विचारून परत आले. चार लोकांसमोर बोललं की मागे फिरता येत नाही, म्हणून आज बोलते आहे. तिचं नाव सांगणार नाही, कुठल्या रांगेत बसली आहे तेही नाही.

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, माझा तिरसटपणा सोसलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृह ते पोटात घालेल, याची मला खात्री आहे. खरी क्षमा मागायची आहे ती एकीचीच.

बाळ, भांडं गार आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. तू नऊ वर्षांची होतीस, आणि मोजायचं काम माझं होतं. माफ करता आलं तर कर. नाही आलं, तरी तो दोष आजपासून तुझ्याकडे ठेवू नकोस.

नमस्कार.