अहो, चष्मा घेतला का?

लेक : बाबा, खरं सांगा. आईच्या या पेन ड्राइव्हचं तुम्ही नेमकं काय केलंत?

बाबा : काही नाही. काल लावला. कॉम्प्युटरनं विचारलं, फॉरमॅट करायचा का? मी म्हटलं, हो.

लेक : हो?

बाबा : जन्मभर तुझ्या आईला हेच उत्तर दिलं. कधी नुकसान झालं नाही.

लेक : अहो, त्याला कुलूप होतं! कुलूपबंद ड्राइव्ह कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणून तो पुसू का विचारतो. आई दर वेळी ‘नको’ म्हणायची, मग कुलपाचा प्रोग्राम उघडून पासवर्ड घालायची.

बाबा : ‘नको’ म्हणायचा तिला सराव होता. माझ्यावरच केलेला.

लेक : घरी विंडोज, रेकॉर्डिंगवाल्याकडे मॅक, अंधशाळेत लिनक्स. तिन्हीकडे उघडेल असं कुलूप मी शोधून लावलं होतं.

बाबा : शाबास. घरात चौथा प्रकार राहतो, ते विसरलीस.

लेक : नुसता फॉरमॅट असता, तर कदाचित काही हाती लागलं असतं. वर हे काय भरलंत?

बाबा : पंपदुरुस्तीचे व्हिडिओ. रिकामा दिसला, काठोकाठ भरला. वस्तू वाया घालवू नये, असं तीच म्हणायची.

लेक : धन्य आहे! अंधशाळेतल्या मुलांसाठी तिनं जवळजवळ अख्खं इतिहासाचं पुस्तक वाचून ठेवलं होतं, बाबा. तिचा आवाज होता त्यात.

बाबा : तोच ऐकायला लावला होता.

(लेक पेन ड्राइव्ह काढून हातात घेते.)

लेक : शाळेकडे एखादा धडा तरी असेल?

बाबा : अर्धवट काम कुणाच्या हाती देईल ती? पुस्तक पुरं झाल्यावरच देणार होती.

लेक : आणि पासवर्ड कुठून आणणार होतात? तो मलाही सांगितला नव्हता.

बाबा : मला पाठ आहे. मी बाहेर निघालो की दारात म्हणायची तेच. ‘अहो, चष्मा घेतला का?’ म्हणाली, तुमच्या डोक्यात दुसरं काही टिकत नाही.

लेक : म्हणजे किल्ली आहे, कुलूपच नाही.

बाबा : हुशार माणसांचं घर आहे आपलं.

लेक : शाळेला काय सांगू? मुलांची परीक्षा तोंडावर आली.

बाबा : सांग, म्हातारा वाचणार आहे. आवाज पंपासारखा आहे, पण मध्येच बंद पडत नाही.

लेक : जमेल तुम्हाला?

बाबा : ते पुस्तक दे इकडे. चष्मा घेतलाय. पहिला धडा अजून वाचायचा आहे.