उत्तरेचं दार

(यॉर्कशायरमधल्या एका खेड्याचं जुनं चर्च. पाद्रीणबाई मॉइरा आणि शहाऐंशी वर्षांच्या एडिथ.)

मॉइरा : किती वेळा सांगू, एडिथआजी? उत्तरेचं दार उघडणार नाही! त्याला लागून चहाचा ओटा बसवलाय. अर्जावर तुमचीच सही आहे.

एडिथ : सही केली तेव्हा चष्मा नव्हता. बाप्तिस्म्यात बाळाच्या डोक्यावर पाणी पडताना ते दार उघडं लागतं. सैतान तिथूनच बाहेर पडतो.

मॉइरा : मग दक्षिणेच्या दारानं जाऊ दे त्याला!

एडिथ : तिथून माणसं येतात. धडकेल कुणाला तरी.

मॉइरा : अहो, ती कमान नॉर्मन राजांच्या काळातल्या गवंड्यांची. मिरवणुका निघायच्या तिच्यातून. सैतान मागाहून कुणीतरी चिकटवला.

एडिथ : तू इथे येऊन चार वर्षं झाली. दाराला आठशेच्या वर. कुणाचं ऐकू?

मॉइरा : रविवारी तुमच्या नातीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला साठ माणसं येतायत. दार बंद असेल तर बाळ हातातून सोडणार नाही म्हणता. तुमची नात सकाळपासून फोनवर रडतेय. आणि हा ओटा! एका नळासाठी दोन वर्षं कागद फिरले. खरं सांगा, सैतानावर विश्वास तरी आहे तुमचा?

एडिथ : छे.

मॉइरा : मग मला का छळताय?

एडिथ : दाराबाहेर काय आहे?

मॉइरा : काय असणार? सावली, खाजरी झुडपं. थडग्याचा एक दगडसुद्धा नाही.

एडिथ : माझी पहिली आहे तिथे. दीड दिवसाची. पाणी पडायच्या आत गेली, म्हणून तेव्हाच्या पाद्र्यानं दक्षिणेला, उन्हाच्या बाजूला पुरायला जागा दिली नाही. पुढे तिघं झाली. तिन्ही वेळा मी दार उघडायला लावलं. लोक म्हणाले, बाई भोळी आहे, सैतानाला भिते. म्हणू दे. पाण्याचा आवाज बाहेर जातो गं. प्रार्थनाही जाते.

मॉइरा : (ओट्याखाली वाकून बघते.)

एडिथ : काय शोधतेयस?

मॉइरा : तो दिवा धरा जरा. ओटा चार स्क्रूंवरच दिसतोय. बिजागऱ्या मात्र गंजल्यात, तेल लागेल. आजी, नाव काय ठेवलं होतंत?

एडिथ : एल्सी. आत्ता नको म्हणूस. रविवारी म्हण, मोठ्यानं.