सराईमधली पुसलेली ओळ

आदिनाथ : ...म्हणून आलो, आजोबा. उज्वलाला जाऊन तीन आठवडे झाले, अन् तिच्या फोनवर आमचं लिहिलेलं रोज कुणीतरी वाचायलंय. रोज निळ्या खुणा येतात. मला झोप लागंना.

किशनराव : भूत वाटलं का?

आदिनाथ : तसं नाही...

किशनराव : वाटलंच असंल. मीच हाय ते भूत. जनावरांना पाणी दावलं की हितं ओसरीवर बसतो अन् नातीचा फोन वाचतो. तू कोनता म्हनलास?

आदिनाथ : आदिनाथ. निलंग्याचा. नांदेडला शिकतो.

किशनराव : नाव म्हाइत हाय. वाचून वाचून पाठ झालंय. अगं ए, पाणी आन. उज्वलाच्या खेळातला पाव्हना आलाय.

धोंडाबाई : घे बाबा. खेळ कसला म्हनायचा? माझी नात तर उन्हात चार पावलं चालली की धापा टाकायची.

आदिनाथ : लिहायचा खेळ आहे आजी, फोनवरचा. आम्ही अकरा जण. हैदराबादच्या जुन्या रस्त्यावर एक सराई आहे असं मानायचं. प्रत्येकानं तिथला एकेक माणूस व्हायचं अन् त्याच्या तोंडून लिहायचं. एकानं लिहिलं की दुसऱ्यानं पुढं न्यायचं. गोष्ट कुठं जाईल ते कुणालाच माहीत नसतं.

धोंडाबाई : मग आमची उज्वला कोन झालती? राणी?

किशनराव : कशाची राणी! म्हातारा दारवान. तंबाकू मळतो, खोकतो, येनाऱ्या-जानाऱ्याला टोमणे मारतो. एकसष्टाव्या वर्षी मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, अन् वर माझंच सोंग काढलं कार्टीनं.

धोंडाबाई : हुबेहूब काढलं असंल.

किशनराव : हाव, लई हुबेहूब. तू जा, चूल बघ.

धोंडाबाई : जाते. पोराला दरडावू नका म्हंजी झालं. तोंड किती उतरलंय त्याचं.

किशनराव : बोल आता. आमी राख सावडून आलो, त्या दिवशी तू काय लिहिलंस? 'उज्वला परीक्षेच्या अभ्यासाला लागली आहे. दारवान महिनाभर रजेवर.'

आदिनाथ : ती गेली असं लिहिलं असतं तर खेळ मोडला असता, आजोबा. याच्या आधी एक मोडलाय. रोजचे गुड मॉर्निंग, लग्नपत्रिका, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन. दोन महिन्यांत गोष्ट राहिली बाजूला, एकेक जण गळाला. म्हणून या वेळी मी नियम केला. सराईत फक्त गोष्ट. खऱ्या बोलण्याला दुसरा ग्रुप, 'अंगण'. सराईत कुणी खरं बोललं, खरं नाव घेतलं, की मी काढून टाकतो.

किशनराव : मग हे सांग. त्या ऐतवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. 'अ‍ॅडमिन आदिनाथने हा मेसेज डिलीट केला.' एवढी एक ओळ लावायला मला दिवस गेला. डिलीट म्हंजी काय ते गुरुजीला इचारलं. पुसलं, म्हनले. उज्वलाचं काय पुसलंस तू?

आदिनाथ : काही नाही. चुकून बोट लागलं असेल माझं.

किशनराव : दोन गाड्या बदलून 'काही नाही' सांगायला आलास? पाणी पी. अन् सांग.

आदिनाथ : गोष्टीत सराईला आग लागली होती. दारवान धुरात अडकला होता. ते उज्वलानंच लिहिलं होतं, आधीच्याच ओळीत. त्याच्यामागं ही ओळ आली. 'आदिनाथ, दम लागलाय. बोलता येईना. लवकर ये.'

किशनराव : तुझं नाव घेऊन?

आदिनाथ : हो. मला वाटलं, धुराचंच लिहितेय, माझं नाव चुकून पडलं. मी पुसलं. अन् लिहिलं...

किशनराव : 'झकास चाललंय. नाव न घेता परत लिही.' ते हाय हितं. ते न्हाई पुसलंस.

आदिनाथ : मग आम्ही थांबलो. एक जण लिहायला लागला की बाकीच्यांनी मधे पडायचं नसतं.

किशनराव : किती येळ?

आदिनाथ : पाऊण तास.

किशनराव : अन् नांदेडात तिच्या खोलीपासून तुझी खोली किती लांब?

आदिनाथ : ऑटोनं दहा मिनिटांवर.

किशनराव : तिचा दम्याचा पंप संपला व्हता. खोलीतली जोडीदारीन गावाला गेल्ती. पाच वाजता घरमालकिनीनं दार उघडलं. तवापासून तिची माय एकच म्हनून राहिली, माझ्या लेकरानं कुनालाच कशी हाक मारली न्हाई. मारली व्हती की रं हाक.

आदिनाथ : आजोबा...

किशनराव : लिही. आत्ता, माझ्यासमोर. तिनं काय लिहिलं, तू काय पुसलंस, अन् ती मेली. अंगनात न्हाई, त्या सराईतच लिही.

आदिनाथ : खेळ संपेल हो. तिचा जीव होता त्याच्यात.

किशनराव : तिच्या जिवाचं तू नको सांगू.

(आदिनाथ लिहितो. खोडतो. पुन्हा लिहितो आणि पाठवतो. किशनरावांच्या हातातला फोन वाजतो.)

किशनराव : आलं. थांब, वाचू दे... व्हय. असंच. खाली कुनीतरी लिहिलं. 'बा... प... रे. अंगावर काटा आला.' कोन ही?

आदिनाथ : राजकन्या नाव तिचं. लातूरची. सराईत ती अत्तरवाली आहे.

किशनराव : 'पण खरी नावं कशाला? नियम तूच केलास ना?' अन् ह्यो अंगठा कशाचा?

आदिनाथ : शिवमनं दिलाय. आवडलं म्हणून.

किशनराव : काय आवडलं?

आदिनाथ : त्यांना गोष्ट वाटली, आजोबा.

किशनराव : पोरगी मेली म्हनून लिहिलंस, तरी?

आदिनाथ : सराईत लिहिलं ते सगळं खोटंच असतं. मीच तशी सवय लावली. मी फोन करून सांगतो एकेकाला.

किशनराव : मागून कर. आधी मी लिहितो. तिच्या फोनावरून.

धोंडाबाई : अवो, तुमाला कवा जमायचं ते. त्या पोराला द्या की लिहायला.

किशनराव : त्यानं लिहिलं, कुनाला खरं वाटलं? तू बाजूला सर, उजेड अडवू नको.

आदिनाथ : आजोबा, थांबा. तिकडं सगळ्यांना दिसायलंय, 'उज्वला टाइप करत आहे.' पुनमनं लिहिलं, 'उज्वला आली रे!' आता कुणीच काही लिहिना. सगळे वाट बघायलेत.

किशनराव : बघू दे. मला एकेक अक्षर लावायला येळ लागतो.