टिंबाच्या पुढचं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लासचे संस्थापक-संचालक आदरणीय दयानंद सर, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे, माझे सहकारी शिक्षक बंधू-भगिनी, मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले पालक, आणि एक तास बुडाल्याचा आनंद ज्यांना लपवता येत नाही अशा माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, वर घड्याळही दिलंत. चोवीस वर्षं ज्याला घंटेवर पळवलं त्याला जाताना घड्याळ द्यावं, ही कल्पना कुणाची ते कळालं नाही, पण त्यांचेही आभार. माझ्याआधी बोललेल्यांनी मला रसायनशास्त्रातल्या मोल संकल्पनेचा बादशहा म्हटलं. गेटवरच्या बॅनरवरही तसंच छापलंय, ‘बादशहा निजामोद्दीन सर’. नवीन तरुण सर आलेत, ते पडद्यावर शिकवतात, तेव्हा बादशहानं आता आराम करावा असं ठरलंय. ठीक आहे. तक्रार नाही. आहे, पण ती वेगळी आहे.

मी मूळचा नांदेडचा. माझे अब्बा इतवाऱ्यात तराजू दुरुस्त करायचे. गिऱ्हाईक कितीही ओरडू द्या, काटा मधोमध थांबल्याशिवाय ते तराजू हातात देत नसत. म्हणायचे, “कांटा झूठ बोल्या तो अपना मुंह काला.” त्यांच्या पोरानं लातुरात येऊन घाईचं दुकान मांडलं. त्याचीच गोष्ट सांगतो.

त्र्याण्णवला भूकंप झाला, तेव्हा मी औशाकडच्या एका गावात हायस्कूलला शिक्षक होतो. शाळा पडली. दिवाळीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये नववी भरवली. पुस्तकं ढिगाऱ्यात गेलेली, मदतीत आलेलं हरभऱ्याचं पोतं तेवढं कोपऱ्यात. मग मोल कशावर शिकवायचा? हरभऱ्यावर! शंभर हरभरे मोजले, वजन केलं. आता पोत्याचं वजन ठाऊक असेल तर पोतंभर दाणे मोजत बसायची गरज आहे का? शंभर ज्वारीचे दाणे घ्या. संख्या तीच, वजन वेगळं. अणू तर बोटांनी मोजताच येत नाहीत, म्हणून ते वजनावरून मोजायचे. कार्बनचे बारा ग्रॅम घ्या, तांब्याचे साडेत्रेसष्ट घ्या, अणू दोन्हीत सारखेच, तोच एक मोल. एवढी साधी गोष्ट आहे हो. तुम्हाला आम्ही ती बावीस सूत्रांत शिकवली.

प्रयोगशाळेतून एकच बाटली धड निघाली होती, मोरचुदाची. निळे खडे परीक्षानळीत तापवले. ते पांढरे पडले आणि नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब आले. “हे पाणी कुठून आलं?” मी विचारलं. उज्वला नावाची मुलगी उठली. म्हणाली, “आतच व्हतं, सर. मंग ते बी मोजायचं का न्हाई?”

मोजायचं, म्हटलं. सूत्रात टिंब देऊन पुढं पाच पाणी लिहितात ते उगाच नव्हे. एका मोलात तांबं, गंधक, ऑक्सिजन मिळून एकशे साडेएकोणसाठ ग्रॅम. पाच पाण्याचे नव्वद. एकूण दोनशे साडेएकोणपन्नास. जे सोबत आलंय ते धरायचं.

ती खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, गणित चुकलं म्हणून. तिची थोरली बहीण गणपतीला माहेरी आली होती आणि घराखाली गेली. “ताईचं नाव मेलेल्यांच्या यादीत घेईनात सर. हिकडचे म्हणतात ती सासरची. तिकडचे म्हणतात आमच्या गावात मेली न्हाई. मंग ती मेली कुठं?”

पुढं मी लातूरला या क्लासात आलो. माझ्या मागं अकरावीला तीही आली. सर हायत तिथं, म्हणून वडिलांनी, रामकिशनरावांनी, विश्वासानं आणून सोडली. आपली पद्धत तेव्हापासून तीच. रविवारी चाचणी, सोमवारी भिंतीवर यादी. साठ किंवा वर असेल तर अ तुकडी आणि हॉस्टेल. साठच्या खाली ज्यानं त्यानं बघावं.

त्या वर्षीच्या नोट्स मी दोन दिवसांत लिहून दिल्या. घाईत निळ्या मोरचुदापुढं एकशे साडेएकोणसाठ लिहिलं. पाणी राहिलं. रविवारच्या पेपरात नेमका तोच प्रश्न. सगळ्या वर्गानं नोट्समधला आकडा उतरवला. उज्वलानं दोनशे साडेएकोणपन्नास लिहिला. तिचा एक मार्क कापला, एकोणसाठ पडले.

ती पेपर घेऊन आली. मी बघितलं, चूक माझ्या नोट्सची होती. दयानंद सर, तुम्हाला आठवत असेल, मी तुमच्या केबिनमध्ये आलो होतो. तुम्ही म्हणालात, “नोट्स छापून वाटल्यात. एकीसाठी चूक मान्य केली तर उद्या दोनशे पालक दारात उभे राहतील.” पाणी प्या सर, आटोपतोच आहे. तुम्ही सांगितलंत, पण तोंड माझं होतं. बाहेर येऊन मी तिला म्हणालो, “नोट्समध्ये आहे तेच बरोबर.”

ती एवढंच बोलली, “सर, शेडमध्ये तर तुम्हीच...” आठवड्यात वडील येऊन पेटी घेऊन गेले. वर्षाच्या आत लग्न झालं. मोरचुदाचा आकडा आम्ही पुढच्या वर्षीच्या नोट्समध्ये गुपचूप दुरुस्त केला. यादी दुरुस्त करायला कोण जातंय!

चिठ्ठी आलीय, वेळ संपला म्हणून. कळालं. दोनच मिनिटं.

मागच्या महिन्यात मी भोकरला गेलो. तिथं तिचं खताबियाण्याचं दुकान आहे. फवारणीसाठी कुणाला तरी मोरचूद तोलून देत होती. मला बघून म्हणाली, “बसा सर, च्या सांगते.” मी माफी मागितली. तिनं काटा थांबू दिला, पुडी बांधली, मग बोलली. “म्या आता हेच इकते सर. पाण्यासकट इकते. पर माफ केलं असं म्हणत न्हाई. तवा मला खोटं पाडलंत. आता चारचौघांत खरं सांगा.” आजच्या समारंभाला ये म्हणालो. “म्या येऊन काय करू? माझं मला ठाऊक हाय. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगा.”

म्हणून सांगितलं.

क्लासनं चोवीस वर्षं पगार दिला, सहकाऱ्यांनी सांभाळून घेतलं, तुम्ही विद्यार्थ्यांनी मान दिला. सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर पोटात घाला. त्या रविवारची चूक मात्र पोटात घालू नका. ती माफ करायचा हक्क या सभागृहात कुणालाच नाही. जिला आहे तिनं केलेली नाही.

जाता जाता एक सूचना. उद्या सोमवार आहे, यादी लागेल, तिच्या खाली ही ओळ लावा. रविवारच्या चाचणीचा सुधारित निकाल. उज्वला रामकिशन. साठ मार्क. अ तुकडी.